फारकतीचा कागद

मराठीत बांधून घेण्याला जेवढे शब्द आहेत, त्यांहून सुटून जाण्याला कमी नाहीत. नोकरी सोडणाऱ्यासाठी राजीनामा आहे, वाटणीवरचा हक्क सोडणाऱ्यासाठी हक्कसोडपत्र आहे, नवराबायकोंसाठी सोडचिठ्ठी, काडीमोड आणि फारकत आहे, देणे फेडून झालेल्यासाठी बेबाकी आहे. ह्यांतला 'फारकत' हा शब्द आज घटस्फोटाशी जोडला गेला असला, तरी मूळचा तो देवघेवीतला. अरबी-फार्सीतून आलेली 'फारखती' म्हणजे मोकळे केल्याचा लेख. ह्याच्याकडून आमचे येणे होते ते पोचले, आता ह्याच्याशी आमचा दावा उरला नाही, असे लिहून देणारा कागद. 'राजीनाम्या'ची गोष्टही अशीच. मुंबई इलाख्याच्या महसुली व्यवहारात हा शब्द जमीन सोडण्यासाठी वापरला जाई. सोडणाऱ्याने राजीनामा द्यायचा आणि घेणाऱ्याने कबुलायत. ही बहुतेक एकतर कागदांची नावे आहेत, नाहीतर ज्या स्थितीसाठी कागद करून घेतला जाई त्या स्थितीची. माणूस एखाद्या व्यवहारातून बाहेर पडतो तेव्हा तो बाहेर पडल्याचे कोणीतरी लिहून द्यावे लागते, ही समजूत आपल्या समाजात फार जुनी आहे.

ह्या शब्दांकडे आमचे लक्ष जाण्यास एक अगदी गद्य कारण घडले. आमचे वडील २०१९ साली वारले आणि त्यांच्यामागे आम्हां तिघा भावंडांकडे जे काही आले त्यात एका डोंगरावरच्या रिसॉर्टमधला दरवर्षीचा एक आठवडा होता. तो आम्हांला नको होता. नको असलेली वस्तू परत करणे हा साधा व्यवहार असेल अशी आमची कल्पना होती. तो व्यवहार पुढे अनेक वर्षे चालला, आणि त्या काळात झालेला पत्रव्यवहार वाचताना (आमच्यापैकी दोघे भाषा शिकवतात, त्यामुळे वाचण्याची खोड जात नाही) असे लक्षात येत गेले, की ही अडचण पैशांची आहे त्याहून अधिक भाषेची आहे. ह्या कराराला सुरुवातीचे शब्द पुष्कळ आहेत. शेवटाचा शब्दच नाही.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टाइमशेअर म्हणजे एखाद्या विश्रामगृहातील खोलीचा वर्षातला एक ठरावीक काळ, बहुधा सात दिवस, अनेक वर्षांसाठी आगाऊ विकत घेणे. एका खोलीचे वर्षातले पन्नास-एक आठवडे तितक्याच कुटुंबांना विकता येतात. आठवड्यांना हंगामाप्रमाणे रंग असतात. लाल महाग, पांढरा मध्यम, निळा स्वस्त. किंमत एकदाच भरायची, पण देखभालीचे शुल्क दरवर्षी द्यायचे, त्या वर्षी तुम्ही गेलात किंवा न गेलात तरी. कल्पनेचा जन्म युरोपातला, १९६० च्या दशकातला. स्वित्झर्लंडमध्ये १९६३ साली हापिमाग ही संस्था निघाली; त्याच दशकात फ्रेंच आल्प्समध्ये सुपरदेव्होल्युई येथे, खोली भाड्याने घेत राहण्यापेक्षा हॉटेलातला वाटाच विकत घेणे स्वस्त, ह्या तर्कावर हे आठवडे विकले गेले. १९७४ साली अमेरिकेत आर. सी. आय. ही अदलाबदल घडवणारी कंपनी स्थापन झाली आणि एका गावचा आठवडा देऊन दुसऱ्या गावचा घेणे शक्य झाले. भारतात हा धंदा १९८० च्या दशकाच्या मध्यावर आला आणि १९९१ नंतर, हाती थोडा पैसा आणि डोळ्यांपुढे पुष्कळ चित्रे असलेल्या मध्यमवर्गात तो रुजला.

म्हटले तर ही कल्पना आपल्याला अनोळखी वाटू नये. काळाचा वाटा करून तो वारशाने देणे महाराष्ट्रात जुनेच आहे. सामाईक विहिरीत चार भावांची पाण्याची पाळी असते. आठ दिवसांतले दोन दिवस मोट, आणि पुढे पंप, ज्याचा त्याने चालवायचा. जमिनीच्या खरेदीखतात 'सामाईक विहिरीतील हिश्शासह' असे शब्द येतात आणि हा हिस्सा सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंदला जातो. देवळांतल्या पूजेच्या पाळ्या गुरवांच्या आणि पुजाऱ्यांच्या घराण्यांत वाटल्या गेल्या आहेत. धुळे-नाशिककडच्या पांझरा, मोसम ह्या नद्यांवरच्या फड पद्धतीत पाण्याची पाळी होती तशी पाट साफ करण्याची सामाईक जबाबदारीही होती. म्हणजे देखभाल शुल्काचे तत्त्वदेखील आपल्याला नवे नाही. विहिरीचा गाळ काढायचा तर वाटेकऱ्यांनी वर्गणी काढायची, हे कोणालाही सांगावे लागत नाही.

मग फरक कोठे आहे? आम्हांला तो दोन ठिकाणी दिसतो. पहिला असा, की विहिरीवरचे वाटेकरी एकमेकांना ओळखतात. तंटा होतो तो चुलतभावाशी आणि मिटतोही त्याच्याशीच. रिसॉर्टमधल्या आमच्या खोलीचे इतर पन्नास वाटेकरी कोण, हे वडिलांना कधीच कळले नाही आणि आम्हांलाही नाही. सगळ्यांचे नाते कंपनीशी. परस्परांशी कोणाचेच नाही. दुसरा फरक अधिक महत्त्वाचा. विहिरीतला हिस्सा नको झाला तर तो विकता येतो, भावाला लिहून देता येतो. आणि गाळाची वर्गणी किती ह्याचा निर्णय गाळ पाहून होतो. इथे वर्गणी किती हे कंपनी ठरवते, आणि हिस्सा सोडण्याची वाट तिच्याच दारातून जाते.

वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, हा आठवडा १९९७ साली घेतला. अठ्ठावन्नाव्या वर्षी शाळेतून निवृत्त होऊन तेव्हा चार महिने झाले होते. ज्या तऱ्हेने तो विकला गेला ती तऱ्हा तेव्हा सर्वत्र एकच होती आणि ती नोंदवण्यासारखी आहे. प्रदर्शनात किंवा पेट्रोल पंपावर एक कुपन भरून घेतले जाई. मग 'आपल्याला बक्षीस लागले आहे' असा फोन येई. बक्षीस नेण्यासाठी एका हॉटेलच्या सभागृहात नवराबायकोंनी जोडीने यायचे ही अट असे. जोडीनेच का, तर 'घरी विचारून सांगतो' हे वाक्य कोणाला उच्चारता येऊ नये म्हणून. दोनतीन तास चित्रफिती, हिशेब, चहा. आणि शेवटी आजच सही केली तरच मिळणारी सवलत. हे सारे बोलणे मराठी-हिंदीत चाले. जो करार सहीसाठी पुढे येई तो इंग्रजीत, बारीक टायपात, एकवीस पानांचा असे. निदान अण्णांचा तेवढा होता.

साहित्याच्या अभ्यासकांना मौखिक आणि लिखित ह्यांतला भेद शिकवावा लागत नाही. पण तो भेद हत्यारासारखा कसा वापरता येतो हे ह्या करारात पाहावे. त्यातले एक कलम सांगते, की उभय पक्षांतला संपूर्ण करार म्हणजे हा कागद; ह्याबाहेर कोणी काही बोलले असल्यास ते बोललेच नाही असे समजावे. सभागृहातल्या त्या तीन तासांत जे मराठी बोलले गेले ते सगळे ह्या एका इंग्रजी वाक्याने पुसून टाकले. 'मे महिन्यात नातवंडांना घेऊन या', 'नको वाटले तर आम्हीच परत घेऊ', ही वाक्ये आईला आजही तोंडपाठ आहेत. कागदात ती नाहीत. लेखी कराराच्या विरोधात तोंडी पुरावा चालत नाही, हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता आणि १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. फसवणूक झाल्याचे दाखवायचे असेल तर त्याला अपवाद आहे. पण दोन दशकांपूर्वी एका सभागृहात कोण काय बोलले ह्याची साक्ष द्यायला आईशिवाय कोणी उरले नव्हते.

मे महिन्याबद्दल सांगायचे तर अण्णांनी घेतलेला आठवडा पांढरा होता. नातवंडांच्या शाळांना सुट्टी असते ती मे महिन्यात आणि दिवाळीत, आणि ते दोन्ही काळ लाल. 'पांढरा' ह्या शब्दाचा हा अर्थ कराराच्या परिशिष्टात दिलेला होता. बावीस वर्षांत अण्णा आणि आई तेथे चारदा गेले, चारही वेळा दोघेच, एकदा भर पावसात. शुल्क मात्र बावीस वेळा भरले, एकदाही उशीर न करता. पहिल्या वर्षी ते १,५०० रुपये होते. २०१९ साली ११,८०० झाले.

करारातली नामे आणि क्रियापदे ह्यांचा एक स्वतंत्र अभ्यास होऊ शकेल. माहितीपत्रकात अण्णा 'मालक' आहेत. अमेरिकेतल्या धंद्याने 'सुट्टीची मालकी' हा शब्दप्रयोग रूढ केला, त्याची ही छाया. कराराच्या मजकुरात ते 'सदस्य' होतात. मालकाला वस्तू विकता येते. सदस्याला नियम पाळावे लागतात. आणि मागणीपत्रात ते 'थकबाकीदार' होतात. क्रियापदांचे वाटप त्याहून स्पष्ट आहे. कंपनीच्या वाट्याला आलेली क्रियापदे सगळी 'करू शकेल' ह्या रूपातली आहेत: शुल्क वाढवू शकेल, खोली बदलून देऊ शकेल, नियमांत फेरफार करू शकेल, आपले हक्क दुसऱ्या कंपनीकडे वर्ग करू शकेल. सदस्याच्या वाट्याला 'करावे लागेल' एवढेच. एका पक्षाला सारी शक्यता आणि दुसऱ्याला सारे विध्यर्थ. ह्यांतले वर्ग करण्याचे कलम दोनदा वापरले गेले. बावीस वर्षांत ते रिसॉर्ट दोनदा विकले गेले. म्हणजे ज्या करारातून अण्णांना बाहेर पडता येत नव्हते त्यातून कंपन्या मात्र दोनदा बाहेर पडल्या, आणि प्रत्येक वेळी अण्णांना छापील पत्राने केवळ कळवण्यात आले.

कराराची मुदत नव्याण्णव वर्षांची होती. ती संपेल २०९६ साली. तेव्हा अण्णा एकशे सत्तावन्न वर्षांचे असते. ह्या आकड्याचे हसू येते, पण त्याचा अर्थ सरळ आहे. करार करतानाच हे गृहीत धरले होते, की माणूस मरेल आणि करार राहील. 'सदस्य' ह्या शब्दाच्या व्याख्येत 'आणि त्याचे वारस' हे तीन शब्द पहिल्याच पानावर होते.

अण्णा गेल्यानंतर आम्ही कंपनीला पत्र लिहिले. 'आम्ही, खाली सह्या करणारे कायदेशीर वारस' अशी त्याची सुरुवात होती, आणि त्यात एवढेच म्हटले होते, की सदस्य वारले आहेत, आम्हांला हे सदस्यत्व पुढे चालवायचे नाही, मोबदला नको, आठवडा कंपनीने परत घ्यावा. उत्तर आले ते अण्णांच्या नावाने: 'प्रिय सदस्य'. मजकूर असा, की मागणीचा विचार केवळ सदस्याच्या अर्जावरच करता येतो. मग आम्ही मृत्यूचा दाखला पाठवला. त्यावर सांगण्यात आले, की वारसांनी प्रथम सदस्यत्व आपल्या नावावर करून घ्यावे. त्यासाठी वारस दाखला, सर्व वारसांची ना-हरकत पत्रे, आणि हस्तांतरण शुल्क. हस्तांतरण झाल्यावर वारस सदस्य होतील आणि सदस्य म्हणून अर्ज करू शकतील. अर्ज विचारात घेण्यापूर्वी तोवरची बाकी भरलेली असावी. आणि अर्ज भरून झाल्यावर काय, असे फोनवर विचारले तेव्हा कळले, की नव्याण्णव वर्षांच्या जुन्या योजनेत सदस्यत्व परत घेण्याची तरतूदच नाही. थोडक्यात, बाहेर पडायचे तर आधी आत यायला हवे, आणि आत आल्यावर बाहेर पडण्याचे दार नाही.

दुसऱ्या कोणाला विकण्याचा मार्ग नावापुरता खुला होता. अण्णांनी ७२,००० रुपयांना घेतलेला आठवडा फुकट घ्यायलाही कोणी तयार नव्हते, आणि त्यात नवल नाही. किमतीचा मोठा भाग सभागृहे, बक्षिसे आणि विक्रेत्यांचे कमिशन ह्यांत जातो. तो पुन्हा विकता येत नाही. घेणाऱ्याला उरते ते वाढत जाणारे वार्षिक देणे. ह्याच अडचणीवर जगणारा आणखी एक धंदा आहे. 'तुमच्या आठवड्याला गिऱ्हाईक तयार आहे, फक्त आगाऊ नोंदणी शुल्क भरा,' असे सांगणारे फोन आम्हांलाही आले. हा प्रकार इतका सार्वत्रिक आहे, की युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशाने फेरविक्री प्रत्यक्ष होण्यापूर्वी मध्यस्थाने पैसे घेण्यावरच बंदी घातली.

तो निर्देश मुळातून पाहण्यासारखा आहे, कारण त्यात सुटण्याच्या भाषेचा विचार झालेला दिसतो. १९९४ च्या पहिल्या निर्देशाने ग्राहकाला सही केल्यानंतर दहा दिवसांत कारण न देता माघार घेण्याचा हक्क दिला होता. २००८ मध्ये ते दिवस चौदा झाले आणि त्या काळात आगाऊ रक्कम घेण्यास असलेली मनाई कायम राहिली. ब्रिटनने १९९२ च्या कायद्यातच चौदा दिवस दिले होते. स्पेनमध्ये १९९८ च्या कायद्याने कराराला तीन ते पन्नास वर्षांची मर्यादा घातली, आणि २०१५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यानंतरचे अमर्याद मुदतीचे करार रद्दबातल ठरवले. ह्या तरतुदींमागचा विचार एकच आहे. सभागृहातला 'आजच' हा शब्द आणि कागदातला 'कायमचा' हा शब्द ह्यांच्यामध्ये कायद्याने थोडी जागा निर्माण करायची.

भारतात टाइमशेअरसाठी स्वतंत्र कायदा नाही. विम्याची पॉलिसी घेतली तर ती वाचून परत करण्यासाठी २०२४ पासून तीस दिवस मिळतात. नव्याण्णव वर्षांच्या आठवड्यासाठी किती दिवस द्यायचे हे कंपनीच्या मर्जीवर. उरतात ते सर्वसाधारण कायदे. १९८६ च्या ब्रोजोनाथ गांगुली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते, की दोन पक्षांची ताकद अगदी विषम असेल आणि दुर्बळ पक्षाला छापील कागदावर सही करण्यावाचून गत्यंतर नसेल, तर त्यातल्या अन्याय्य अटी न्यायालय मानणार नाही. खटला नोकरीच्या करारातला होता. २०१९ साली घर घेणाऱ्यांच्या बाबतीतही बिल्डरच्या एकतर्फी अटींना न्यायालयाने अनुचित व्यापारी प्रथा म्हटले. त्याच वर्षीच्या ग्राहक संरक्षण कायद्याने, जो जुलै २०२० मध्ये अमलात आला, 'अन्याय्य करार' ही संज्ञाच व्याख्येत आणली. ग्राहकाच्या मृत्यूनंतर त्याच्या वारसांना तक्रार करता येते असे हा कायदा स्पष्ट सांगतो, आणि तक्रार ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात करता येते. कराराच्या शेवटच्या पानावर 'वाद फक्त अमुक शहराच्या न्यायालयांत' असे लिहिले असले तरी. मात्र करारच अन्याय्य आहे असे म्हणायचे तर जिल्हा आयोगाकडे नव्हे, राज्य आयोगाकडे जावे लागते. सात दिवसांच्या सुट्टीसाठी इतक्या वर जायची तयारी किती जणांची असेल?

कायद्याची पुस्तके चाळताना आम्हांला एक तरतूद भेटली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिचे कलम ५५. कोणत्याही भोगवटादाराला आपली जमीन शासनाच्या नावे सोडून देता येते. कृषी वर्ष सुरू होण्याआधी तीस दिवस तहसीलदाराला लेखी नोटीस दिली की पुरे. जुन्या राजीनाम्याचाच हा वंशज. म्हणजे ज्या राज्यात शेतकऱ्याला पिढीजात जमिनीतून एका अर्जाने आणि एका महिन्याच्या मुदतीने मोकळे होता येते, तेथे एका निवृत्त शिक्षकाच्या वारसांना डोंगरावरच्या पांढऱ्या आठवड्यातून मोकळे होता येत नाही.

कंपनीची बाजू आम्ही ऐकून घेतली नाही असे नाही. तेथील एका अधिकाऱ्याने शांतपणे जे सांगितले त्यात तथ्य होते. इमारत सगळ्यांची आहे. छप्पर गळते, रंग उडतो, माणसांचे पगार वाढतात. नको वाटणाऱ्या प्रत्येकाला जाऊ दिले तर उरलेल्यांवर भार पडतो, आणि ते उरलेले बहुधा म्हातारे सदस्यच असतात. हा युक्तिवाद खोटा नाही. विहिरीवरही तो केला जातो. पण विहिरीवर जो हिस्सा सोडतो तो आपले पाणीही सोडून जातो. आम्ही आमचा आठवडा मागे ठेवून जात होतो, सत्त्याहत्तर वर्षांचे आठवडे, मोबदल्यावाचून. तो पुन्हा विकायला किंवा रात्रीच्या भाड्याने द्यायला कंपनी मोकळी होती. आठवडा परत घ्यायचा नाही आणि शुल्क मात्र हवे, ह्याचा अर्थ एवढाच की कंपनीच्या लेखीही त्या आठवड्याची किंमत शुल्काहून कमी आहे. ज्या वस्तूला विकणारासुद्धा फुकट घेत नाही तिला मालमत्ता म्हणावे का, हा प्रश्न त्या अधिकाऱ्याने टाळला.

शुल्क भरायचे नाही असे आम्ही ठरवले होते, कारण भरणे म्हणजे सदस्यत्व स्वीकारणे असे वकिलांचे मत पडले. त्यामुळे दर तीन महिन्यांनी मागणीपत्र येऊ लागले. २०२२ च्या मध्यापर्यंत अठरा टक्के व्याजासह आकडा ७१,१८० रुपयांवर गेला. मूळ किमतीच्या अगदी जवळ. आम्हांला आकड्याची भीती नव्हती. कायद्याप्रमाणे मृताचे देणे वारसांकडून वसूल होते ते त्यांच्या हाती आलेल्या मालमत्तेपुरते, हे आम्हांला ठाऊक होते. अवघड होते ते वेगळेच. ही पत्रे आईच्या पत्त्यावर येत आणि प्रत्येक पत्राच्या माथ्यावर अण्णांचे पूर्ण नाव आणि त्याखाली 'थकबाकी' हा शब्द असे. अण्णांनी हयातीत वाण्याची वहीदेखील महिनाअखेर कोरी केल्याशिवाय ठेवली नव्हती. आई एकच म्हणत असे, "भरून टाका. त्यांच्या नावावर बाकी नको."

आईला समजावताना आम्ही कायदा सांगितला. वडिलांचे कर्ज मुलाने फेडलेच पाहिजे हे धर्मशास्त्रातले बंधन न्यायालयांनी दीर्घकाळ मानले. पण २००५ च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्ती कायद्याने ते संपवले. केवळ धर्मबंधन म्हणून मुलावर, नातवावर वा पणतूवर बापाच्या कर्जाचा दावा आता न्यायालय मान्य करत नाही. आईने ऐकून घेतले आणि विचारले, की कायद्याने ऋण गेले असेल, पण कागदावरचे नाव गेले का? ह्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. पितृऋण ह्या शब्दाचा अर्थ तिच्या लेखी कर्ज असा नव्हताच. गेलेल्या माणसाचे नाव स्वच्छ राहावे ही मागच्यांची जबाबदारी, असा होता. कंपनीच्या संगणकाला ह्यातले काही ठाऊक असण्याचे कारण नाही. पण ह्या धंद्यातले वसुलीचे तंत्र नेमके ह्याच भावनेवर चालते. अनेक घरांतून म्हातारी माणसे पेन्शनमधून गुपचूप शुल्क भरत राहतात ती कायद्याच्या भीतीने नव्हे, 'थकबाकी' ह्या शब्दाच्या लाजेने.

२०२२ च्या अखेरीस आम्ही जिल्हा आयोगात जाण्यापूर्वीची नोटीस पाठवली. तीत आम्ही पैसे मागितले नव्हते, भरपाई मागितली नव्हती. मागणी एका वाक्याची होती: सदस्याच्या मृत्यूच्या तारखेपासून सदस्यत्व संपुष्टात आले आहे आणि त्यांच्याकडे कोणतेही येणे नाही, असे लेखी द्यावे. चार महिन्यांनी उत्तर आले. उत्तर म्हणजे एक छापील नमुना, आणि त्यात एकच ओळ भरलेली: शुल्क न भरल्यामुळे सदस्यत्व रद्द करण्यात येत आहे.

वकिलांनी अभिनंदन केले. त्यांच्या दृष्टीने प्रकरण मिटले होते. मागणीपत्रे थांबली, फोन थांबले, देणे उरले नाही. हे सर्व खरे आहे, आणि नको झालेल्या टाइमशेअरमधून निघू पाहणाऱ्या पुष्कळांना एवढेही मिळत नाही हेही खरे आहे. तरी त्या ओळीचे व्याकरण आम्हांला सोडवेना. तीत कर्ता कंपनी आहे. आम्ही सोडलेले नाही. आम्हांला काढलेले आहे. कारणाच्या जागी मृत्यू नाही, हक्कसोड नाही, कसूर आहे. बावीस वर्षे वेळेवर पैसे भरणाऱ्या माणसाच्या नावापुढे कंपनीच्या दप्तरात शेवटचा शेरा 'शुल्क न भरल्यामुळे' असा राहिला. सुटका झाली ती कसूरदार म्हणून. अशा करारांतून बाहेर पडणाऱ्या बहुतेकांची सुटका ह्याच मार्गाने होते: राजीनाम्याने नव्हे, पैसे बुडवणारा ठरून.

म्हणून आम्ही पत्र लिहिणे थांबवलेले नाही. पैशांचा प्रश्न संपलेला असताना हे कशासाठी, असे कंपनीतून विचारले जाते तेव्हा त्या माणसाला फारखतीचा अर्थ सांगावा लागतो, आणि तो इंग्रजीत नीट सांगता येत नाही. अलीकडच्या पत्रासोबत आम्ही मजकूरही तयार करून पाठवला आहे, मराठीत, चार ओळींचा. अमुक ह्यांनी १९९७ पासून आपल्या मृत्यूपर्यंतचे सर्व शुल्क वेळेवर भरले. त्यांच्या वारसांनी पुढील हक्क स्वेच्छेने सोडला. त्यांच्याकडे वा त्यांच्या वारसांकडे कंपनीचे काही येणे नाही. खाली सहीसाठी जागा ठेवली आहे.

आई तो मजकूर वाचून म्हणाली, की 'वेळेवर' हा शब्द आला आहे ते बरे झाले.